पल्स विड्थ: टक्के बघायचे की मायक्रोसेकंद?

एलईडीचा उजेड कमी-जास्त करायचा, सर्व्हो मोटर हव्या त्या कोनात वळवायची, अल्ट्रासोनिक सेन्सरने अंतर मोजायचं, टीव्हीच्या रिमोटचं कोणतं बटण दाबलं ते ओळखायचं. या चारही कामांत तारेवर चाललेला प्रकार दिसायला सारखाच असतो. व्होल्टेज शून्यावरून वर जातं, थोडा वेळ वर राहतं, पुन्हा खाली येतं. हीच पल्स. तरीही एलईडीसाठी शिकलेली युक्ती सर्व्होला लावली की सर्व्हो गुरगुरत बसतो, आणि नवशिक्याला वाटतं की मोटरच खराब निघाली.

मोटर बहुतेक वेळा ठणठणीत असते. पल्सचं गणित सातवी-आठवीच्या पुढचं नाही. अडतं ते एका प्रश्नावर, आणि तो प्रश्न हातात तार घेण्याआधी विचारायला हवा: समोरचं उपकरण या पल्समधलं नेमकं काय वाचतंय? काही उपकरणं टक्का वाचतात, म्हणजे एकूण वेळेपैकी किती भाग पल्स वर होती ते. काही मुदत वाचतात, म्हणजे ती किती मायक्रोसेकंद वर होती ते. हा फरक हाताने करून, आकडे बघून समजून घ्यावा यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सामान

आर्डुइनो उनो आर३ हा प्रोग्राम करता येणारा बोर्ड (किंवा त्याची नक्कल), ब्रेडबोर्ड, जंपर वायर, एक लाल एलईडी, २२० ओहमचे दोन-तीन रेझिस्टर, एसजी९० सर्व्हो, एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर, ३८ किलोहर्ट्झचा इन्फ्रारेड रिसीव्हर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. ऑसिलोस्कोप नसला तरी अडत नाही, कारण पहिल्या प्रयोगात उनोलाच मोजपट्टी करायचं आहे.

एक अट मात्र मोडायची नाही. यातला प्रत्येक प्रयोग ५ किंवा १२ व्होल्टवरचा आहे. घरातल्या २३० व्होल्टच्या डिमरवर, फॅन रेग्युलेटरवर किंवा उघड्या चार्जरवर यातलं काहीही करून बघू नका.

पहिली पायरी: एका पल्सची मापं

कागदावर एक चौकोनी पल्स काढा. डावीकडे चढती कड, वर सपाट माथा, उजवीकडे उतरती कड. माथ्याची उंची म्हणजे व्होल्टेज. उनोच्या पिनवर ते सुमारे ५ व्होल्ट असतं. चढत्या कडेपासून उतरत्या कडेपर्यंतचा वेळ म्हणजे पल्स विड्थ. एका चढत्या कडेपासून पुढच्या चढत्या कडेपर्यंतचा वेळ म्हणजे पिरियड. १ ला पिरियडने भागलं की फ्रीक्वेन्सी मिळते, आणि पल्स विड्थला पिरियडने भागून १०० ने गुणलं की ड्यूटी सायकल, म्हणजे टक्का.

खऱ्या सर्किटमधल्या कडा कागदावरच्यासारख्या उभ्या नसतात, थोड्या तिरप्या असतात. मग रुंदी कुठून कुठपर्यंत मोजायची? प्रघात असा आहे की दोन्ही कडांवर उंचीच्या ५० टक्क्यांवर खूण करायची आणि त्या दोन खुणांमधला वेळ घ्यायचा. कड स्वतः चढायला किती वेळ घेते ते वेगळं मोजतात, १० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत, आणि त्याला राइज टाइम म्हणतात. डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, ही दोन्ही मापं शेजारी दिलेली असतात, तेव्हा एकाच्या जागी दुसरं वाचू नका.

निम्म्या उंचीवर रुंदी मोजायची ही पद्धत फक्त वर्कबेंचवरची नाही. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ असलेली जीएमआरटी दुर्बीण ठरावीक अंतराने रेडिओ पल्स देणाऱ्या ज्या पल्सार ताऱ्यांचा वेध घेते, त्यांच्या रेडिओ पल्सची रुंदीही निम्म्या उंचीवर मोजतात. १९६७ साली जॉसेलिन बेल यांना केंब्रिजमध्ये जो पहिला पल्सार सापडला त्याचा पिरियड सुमारे १.३३७ सेकंद आहे आणि पल्स जेमतेम ०.०४ सेकंदाची. भागाकार केला की ड्यूटी सायकल येते ३ टक्के. हिशोब तोच, फक्त सिग्नल ताऱ्याचा.

दुसरी पायरी: उनोकडूनच उनोची पल्स मोजून घ्या

उनो आर३ वर ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनांवर ॲनालॉगराइट (analogWrite) हे फंक्शन चालतं. त्याला ० ते २५५ मधला आकडा द्यायचा असतो. नाव ॲनालॉग असलं तरी पिनवर कधीही अडीच किंवा तीन व्होल्ट तयार होत नाहीत. पिन एक तर ५ व्होल्टवर असते नाही तर शून्यावर. बदलतो तो फक्त वर राहण्याचा वेळ.

हे स्वतः बघण्यासाठी पिन ९ पासून पिन ७ पर्यंत एक जंपर लावा. प्रोग्राममध्ये पिन ९ वर ॲनालॉगराइट ६४ द्या. मग पिन ७ वर पल्सइन (pulseIn) हे फंक्शन वापरून आधी हाय आणि मग लो अशा दोन्ही मुदती मोजा आणि सिरियल मॉनिटरवर छापा. पल्सइन उत्तर मायक्रोसेकंदात देतं.

हायसाठी ५१२ च्या आसपास आणि लोसाठी १५२८ च्या आसपास आकडा दिसेल. तो प्रत्येक वेळी काही मायक्रोसेकंद इकडेतिकडे होईल, कारण मधूनमधून इंटरप्ट येतात, म्हणजे प्रोसेसर क्षणभर दुसऱ्या कामाला जातो, आणि मोजणी किंचित डळमळते. बेरीज करा: ५१२ अधिक १५२८ म्हणजे २०४० मायक्रोसेकंद. हा पिरियड. १ सेकंदाला त्याने भागलं की ४९० हर्ट्झ. आणि ५१२ भागिले २०४० म्हणजे साधारण २५ टक्के.

हे आकडे येतात कुठून तेही बघण्यासारखं आहे. बोर्डाचं घड्याळ १६ मेगाहर्ट्झचं आहे. टायमर त्याला ६४ ने भागतो, म्हणजे टायमरची एक टिकटिक ४ मायक्रोसेकंदांची. पिन ९ चा टायमर ० पासून २५५ पर्यंत वर मोजतो आणि तिथून पुन्हा खाली उतरतो, अशा ५१० टिका होतात. ५१० गुणिले ४ म्हणजे २०४०. जंपरमधून आलेला आकडा आणि कागदावरचा आकडा असा जुळला की पल्सविषयीची निम्मी भीती जाते.

आता जंपरचं टोक पिन ९ वरून काढून पिन ५ ला लावा, प्रोग्राममध्येही पिन ५ करा, ६४ तसेच ठेवा. या वेळी हाय साधारण २६० आणि लो ७६४ येईल, बेरीज १०२४. पिन ५ आणि ६ चा टायमर फक्त वर मोजतो आणि एकदम शून्यावर उडी मारतो. म्हणून पिरियड निम्मा होतो, फ्रीक्वेन्सी सुमारे ९७७ हर्ट्झ. शिवाय या पद्धतीत एक टिक जादा धरली जाते, त्यामुळे २५६ ऐवजी २६०.

इथे क्षणभर थांबा. दोन्ही पिनांना तोच ६४ दिला. टक्का दोन्हीकडे जवळपास २५ च आहे. मुदत मात्र ५१२ वरून २६० वर आली. एलईडीला या बदलाचा पत्ताही लागणार नाही. सर्व्होसारख्या उपकरणासाठी ही सर्वस्वी वेगळी आज्ञा झाली.

आणखी एक बारकावा. ॲनालॉगराइट ० किंवा २५५ दिलं तर पल्स उरतच नाही, पिन कायमची खाली किंवा कायमची वर राहते. तेव्हा पल्सइन एक सेकंद वाट बघतं आणि शून्य परत देतं. मोजणीत शून्य दिसलं म्हणजे पल्सची रुंदी शून्य आहे असं समजू नका. वेळेत पल्स मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी पायरी: ऑसिलोस्कोप नसताना पल्स डोळ्यांनी बघा

पिन ९ ला २२० ओहममधून लाल एलईडी जोडा. लांब वायरी वापरा, म्हणजे एलईडी हातात धरता येईल. ६४ द्या, खोलीत अंधार करा आणि एलईडी डोळ्यांसमोरून झटकन आडवा फिरवा. प्रकाशाची सलग रेघ न दिसता तुटक रेघ दिसेल. हात सेकंदाला २ मीटर वेगाने फिरला तर एका पिरियडमध्ये एलईडी ४ मिलिमीटर सरकतो. त्यातला १ मिलिमीटर उजळ आणि ३ मिलिमीटर काळा. आकडा १२८ करून पुन्हा फिरवा: उजळ तुकडा आणि काळी फट सारख्या लांबीची होतील. २० दिलं तर नुसते ठिपके. लहान मुलांना पल्स दाखवायची तर मी याहून चांगला प्रयोग सुचवू शकत नाही.

स्थिर धरलेल्या एलईडीत हेच डोळ्याला सलग दिसतं. पण दिसणारा उजेड टक्क्याच्या प्रमाणात वाढत नाही. ० ते ६० च्या दरम्यान उजेड भराभर वाढल्यासारखा वाटतो आणि २०० च्या पुढे फारसा फरक जाणवत नाही, कारण डोळा मंद प्रकाशातल्या बदलाला जास्त संवेदनशील असतो. उजेड एका लयीत चढायला हवा असेल तर आकडा सरळ रेषेत न वाढवता सुरुवातीला अगदी लहान आणि नंतर मोठ्या उड्यांनी वाढवा.

चौथी पायरी: मल्टिमीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून पिन ९ मोजा. ६४ साठी साधारण १.२५ व्होल्ट दिसतील. मीटर सावकाश मोजतो, म्हणून तो सरासरी दाखवतो: ५ व्होल्टचे २५ टक्के. ही सरासरी उपयोगाची आहे, पण तिच्यावरून पॉवर काढायला गेलात तर उत्तर चुकेल, आणि ही चूक फार ठिकाणी दिसते.

उदाहरण घ्या. १२ व्होल्टचा सप्लाय, १० ओहमचा हीटर, मध्ये मॉस्फेट (पल्सने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), ड्यूटी २५ टक्के. मीटर सरासरी ३ व्होल्ट दाखवेल. ३ चा वर्ग भागिले १०, म्हणजे ०.९ वॅट, असं वाटेल. पण हीटरला ३ व्होल्ट कधी मिळालेलेच नाहीत. चतुर्थांश वेळ त्याला पूर्ण १२ व्होल्ट मिळतात, तेव्हा तो १४.४ वॅट खातो. उरलेला वेळ शून्य. सरासरी पॉवर १४.४ चा चौथा भाग, म्हणजे ३.६ वॅट. अंदाजाच्या चौपट. रेझिस्टर किंवा हीटसिंक निवडताना ०.९ धरले तर वस्तू जळेल. अशा वेळी आरएमएस व्होल्टेज, म्हणजे तेवढीच पॉवर देणारं सपाट व्होल्टेज, वापरायचं: शिखराचं व्होल्टेज गुणिले ड्यूटीचं वर्गमूळ. १२ गुणिले ०.५ म्हणजे ६ व्होल्ट. ६ चा वर्ग भागिले १० म्हणजे ३.६. हिशोब जुळला.

पल्समधून खरोखरच सपाट व्होल्टेज हवं असेल तर रेझिस्टर आणि कपॅसिटरचा फिल्टर लावतात. पिन ९ पासून १० किलोओहम, त्याच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत १० मायक्रोफॅरड. ५० टक्क्यांवर या जोडीतून येणाऱ्या व्होल्टेजवर फक्त २५ मिलिव्होल्टच्या आसपास लहर उरते. १० ऐवजी १ किलोओहम लावला तर लहर दसपट होते, पाव व्होल्ट. मात्र आउटपुट दसपट लवकर बदलतं. हा सौदा प्रत्येक फिल्टरमध्ये असतो. या आउटपुटला मोटर किंवा बल्ब जोडायचा नाही, ते फक्त दुसऱ्या सर्किटला संदर्भ म्हणून द्यायचं.

पाचवी पायरी: मोटर

मोटरलाही टक्काच लागतो, त्यामुळे इथे नवीन तत्त्व काही नाही. नवीन आहेत त्या खबरदाऱ्या. मोटर थेट उनोच्या पिनला जोडायची नाही. मध्ये लॉजिक लेव्हल मॉस्फेट हवा, उदाहरणार्थ आयआरएलझेड४४एन. नावात एल नसलेला आयआरएफझेड४४एन गेटवर (मॉस्फेट चालू-बंद करणाऱ्या पायावर) १० व्होल्ट मिळतील असं धरून बनवलेला असतो. ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. दुकानात मागताना हे अक्षर सांभाळा.

मोटरच्या दोन टोकांवर उलट दिशेने डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, कॅथोड, म्हणजे पट्टीचं टोक, प्लसकडे. पल्स संपली की मोटरच्या वेटोळ्यातला करंट लगेच थांबत नाही. त्याला फिरायला वाट मिळाली नाही तर व्होल्टेजची जोरदार उसळी येते आणि मॉस्फेट जातो. गेटपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहम लावा, म्हणजे उनो चालू होत असताना मोटर आपोआप सुटणार नाही. आणि मोटरच्या सप्लायचं ग्राउंड उनोच्या ग्राउंडला जोडा. ‘पल्स येते पण काही चालत नाही’ अशी तक्रार असली की मी सगळ्यात आधी हीच वायर बघायला सांगतो.

४९० हर्ट्झवर मोटर बारीक आवाज करते, कारण ही फ्रीक्वेन्सी कानाला ऐकू येते. कॉम्प्युटरमधल्या चार वायरींच्या पंख्यांना याच कारणाने २५ किलोहर्ट्झच्या आसपास पल्स देतात.

सहावी पायरी: सर्व्हो, म्हणजे मुदतीचा हिशोब

इथे नियम बदलतो. सर्व्होच्या सिग्नल वायरवर दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स द्यायची असते. ती १.५ मिलिसेकंदांची असेल तर सर्व्हो मधोमध येतो, १ कडे गेली तर एका बाजूला, २ कडे गेली तर दुसऱ्या बाजूला. सर्व्होच्या पोटात एक पोटेन्शिओमीटर असतो, तो अक्षासोबत फिरतो. आतलं सर्किट त्या जागेवरून स्वतःची एक पल्स तयार करतं आणि बाहेरून आलेल्या पल्सशी तिची रुंदी ताडून बघतं. बाहेरची रुंद असेल तर मोटर एकीकडे, अरुंद असेल तर दुसरीकडे, सारखी झाली की थांब. या तुलनेत पिरियड कुठेच येत नाही. म्हणून २० ऐवजी १८ मिलिसेकंदांनी पल्स आली तरी सर्व्हो जागा फारशी सोडत नाही, पण १५०० ऐवजी १६०० मायक्रोसेकंदांची पल्स आली की लगेच वळतो.

इंटरनेटवर पुष्कळ ठिकाणी ‘सर्व्होला मध्यावर आणण्यासाठी ७.५ टक्के द्या’ असं सापडतं. ५० हर्ट्झवर ते खरं आहे: २० मिलिसेकंदांचे ७.५ टक्के म्हणजे १.५. तोच टक्का उनोच्या ४९० हर्ट्झच्या पिन ९ वर दिला तर पल्स येते सुमारे १५३ मायक्रोसेकंदांची, सर्व्होच्या कक्षेच्या कितीतरी बाहेर. आणि ॲनालॉगराइट १२८ दिलं तर १०२४ मायक्रोसेकंद, तेही दर २ मिलिसेकंदांनी. काही सर्व्हो एका टोकाला जाऊन थरथरतात, काही नुसते गुणगुणतात. सुरुवातीला म्हटलेली गुरगुर ती हीच.

म्हणून सर्व्हो लायब्ररी घ्या आणि सुरुवातीला कोनाऐवजी मायक्रोसेकंद देणारं फंक्शन वापरा. १५०० द्या. मग १४००, १३०० असं शंभर-शंभरने खाली आणि तसंच वर जा. लायब्ररीत शून्य अंशासाठी ५४४ आणि १८० अंशांसाठी २४०० मायक्रोसेकंद धरलेले आहेत. तुमच्या हातातला एसजी९० तितका फिरेलच असं नाही. टोकाला अडून तो घुंघुं करू लागला की तिथून पन्नास-शंभर मायक्रोसेकंद मागे या आणि तो आकडा लिहून ठेवा. तसाच अडकवून ठेवला तर तापतो आणि प्लास्टिकचे दाते झिजतात. सर्व्होला ५ व्होल्ट वेगळ्या सप्लायमधून द्या, ग्राउंड एकत्र करा. हेही लक्षात असू द्या की ही लायब्ररी चालू असताना उनोच्या पिन ९ आणि १० वर ॲनालॉगराइट चालत नाही, कारण त्यांचा टायमर लायब्ररीने घेतलेला असतो. ‘सर्व्हो जोडला आणि एलईडीचा डिमर बंद पडला’ याचं उत्तर इथे आहे.

सातवी पायरी: पल्स आपण मोजतो तेव्हा

आतापर्यंत पल्स आपण देत होतो. एचसी-एसआर०४ मध्ये ती आपल्याला परत मिळते. ट्रिग पिनवर १० मायक्रोसेकंदांची पल्स द्या. सेन्सर ४० किलोहर्ट्झच्या आठ लहरी सोडतो आणि एको पिन वर करतो. प्रतिध्वनी आला की एको खाली येते. म्हणजे एकोची रुंदी म्हणजे आवाजाला जाऊन यायला लागलेला वेळ. पल्सइनने ती मोजा, ५८ ने भागा, अंतर सेंटिमीटरमध्ये मिळतं.

तो ५८ हवेच्या तापमानावर अवलंबून आहे. आवाजाचा वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला ०.६ मीटरने वाढतो. ५८ हा आकडा साधारण २२ अंशांच्या हवेसाठी बरोबर बसतो. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांना २ मीटरवरची भिंत मोजली तर एको सुमारे ११,१५० मायक्रोसेकंदांची येते आणि ५८ ने भागून उत्तर १९२ सेंटिमीटर निघतं. महाबळेश्वरला थंडीत १० अंशांना तीच भिंत २०४ सेंटिमीटरवर दिसते. पल्स दोन्हीकडे अचूक मोजली गेली; भागाकार चुकीचा झाला. पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारं यंत्र उन्हात गच्चीवर बसवायचं असेल तर शेजारी एक तापमान सेन्सर ठेवणं मला आवश्यक वाटतं.

३.३ व्होल्टचा बोर्ड, उदाहरणार्थ ईएसपी३२, वापरत असाल तर एको थेट जोडू नका. १ आणि २ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टरची जोडी) मध्ये टाका.

टक्का आणि मुदत या दोन्हींहून वेगळा एक प्रकार घराच्या दारात टांगलेला असतो. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि पुष्कळ मीटरवर ‘किलोवॅट-तासाला ३२०० इम्पल्स’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असतो. तिथे पल्सची रुंदी बिनमहत्त्वाची, संख्या महत्त्वाची. ३२०० च्या मीटरमध्ये एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. दहा लुकलुकींना ९ सेकंद लागले तर एका लुकलुकीला ०.९ सेकंद, आणि ११२५ भागिले ०.९ म्हणजे घरात त्या वेळी १२५० वॅट चालू आहेत. दिव्याकडे फक्त बघायचं, मीटरला हात लावायचा नाही.

मोजायचं साधन निवडताना

पल्सइन १० मायक्रोसेकंदांपेक्षा अरुंद पल्ससाठी भरवशाचं नाही, आणि उनोचं मायक्रोज हे घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पावलांनीच चालतं. त्याखाली जायचं तर २४ मेगाहर्ट्झचा यूएसबी लॉजिक ॲनालायझर घ्या. सेकंदाला २ कोटी ४० लाख नमुने, म्हणजे दर ४२ नॅनोसेकंदांनी एक. रंगीत एलईडी पट्टीतल्या डब्ल्यूएस२८१२ चिपची ०.४ मायक्रोसेकंदांची पल्स त्यात नऊ-दहा नमुन्यांची दिसते, ओळखायला पुरेशी. पण लॉजिक ॲनालायझर फक्त वर की खाली एवढंच सांगतो. कड वाकडी आहे का, माथा ५ ऐवजी ३ व्होल्टवरच थांबतो का, हे त्याला दिसत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो.

ऑसिलोस्कोप मिळाला तर पिन ९ च्या पल्ससाठी टाइम बेस एका घराला ०.५ मिलिसेकंद ठेवा, ट्रिगर चढत्या कडेवर आणि पातळी अडीच व्होल्टवर. एक पिरियड चार घरांत स्थिर दिसेल. प्रोबवरचा १० पट हा खटका आणि स्कोपच्या मेनूतली निवड एकच आहे याची खात्री करा, नाहीतर व्होल्टेज दहापट चुकतं. स्कोप विकत घेताना ०.३५ भागिले बँडविड्थ (स्कोप नीट दाखवू शकतो ती कमाल फ्रीक्वेन्सी) एवढं गणित करा. २०० किलोहर्ट्झच्या स्वस्त किटचं उत्तर येतं १.७५ मायक्रोसेकंद. सर्किटची कड कितीही तीक्ष्ण असली तरी त्या पडद्यावर ती याहून जलद चढताना दिसणार नाही. सर्व्हो शिकायला असा स्कोप उत्तम, एलईडी पट्टीला निरुपयोगी. बेंचवरच्या स्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप आतून अर्थिंगला जोडलेली असते, ती मेन्सवरच्या, म्हणजे घरातल्या विजेवरच्या, सर्किटला कधीही लावायची नाही.

आठवी पायरी: रिमोटचं एक बटण वाचा

इन्फ्रारेड रिसीव्हरचे तीन पाय असतात: सप्लाय, ग्राउंड, आउटपुट. त्यांचा क्रम मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून आधी डेटाशीट. रिमोट ३८ किलोहर्ट्झने लुकलुकणारे झोत पाठवतो. रिसीव्हर ती लुकलुक काढून टाकतो आणि झोत चालू असताना आउटपुट खाली ओढतो. म्हणजे लो असेल तेव्हा झोत, हाय असेल तेव्हा मोकळी जागा. हे उलटं असणं डोक्यात पक्कं बसवा.

एनईसी ही रिमोटची एक संकेतपद्धत आहे. त्या पद्धतीच्या रिमोटमध्ये सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा झोत आणि ४.५ मिलिसेकंदांची मोकळी जागा येते. मग ३२ बिट. प्रत्येक बिटचा झोत सारखाच, सुमारे ५६२ मायक्रोसेकंदांचा. फरक त्यामागच्या मोकळ्या जागेत: तीही ५६२ असेल तर शून्य, १६८७ असेल तर एक. माहिती पूर्णपणे मुदतीत भरलेली आहे, टक्क्याचा इथे काहीच संबंध नाही.

प्रोग्राम असा बांधा. आउटपुट पिनवर पल्सइनने लो मुदत मोजत राहा. ८००० पेक्षा मोठी आली की सुरुवात सापडली. लगेच पल्सइनने हाय मुदत ३२ वेळा मोजा आणि ॲरेमध्ये साठवा. ४.५ मिलिसेकंदांची जागा वेगळी वगळावी लागत नाही. पल्सइन बोलावलं जातं तेव्हा पिन आधीच हाय असते, आणि चालू असलेली हाय संपू देऊन पुढची मोजायची हा पल्सइनचा स्वभावच आहे. ३२ मापं पूर्ण होईपर्यंत सिरियल मॉनिटरवर काहीही छापू नका. छपाईत वेळ जातो आणि बिट निसटतात.

नंतर प्रत्येक माप १००० शी ताडून बघा. मोठं असेल तर १, लहान असेल तर ०. रिसीव्हर पल्स थोडी ताणतो किंवा आखडतो, त्यामुळे ५६२ च्या जागी ४८० किंवा ६३० दिसलं तर घाबरायचं कारण नाही. आठ-आठचे चार गट पाडा. प्रत्येक गटात सगळ्यात लहान किमतीचा बिट आधी येतो. मूळ एनईसी पद्धतीत पहिला गट पत्ता, दुसरा त्याचा उलटा, तिसरा बटणाचा क्रमांक, चौथा त्याचा उलटा. तिसऱ्या आणि चौथ्याची बेरीज २५५ आली तर वाचन बरोबर. पत्त्याची बेरीज मात्र प्रत्येक रिमोटमध्ये २५५ येत नाही, कारण पत्ता वाढवण्यासाठी काही उत्पादक दोन्ही गट वापरतात.

बटण दाबून धरलं तर रिमोट पुन्हा ३२ बिट पाठवत नाही. ९ मिलिसेकंदांचा झोत, २.२५ मिलिसेकंदांची जागा आणि एक छोटा झोत, एवढंच तो परत परत पाठवतो. तुमचा प्रोग्राम त्यालाही सुरुवात समजेल आणि पुढची मापं भलतीच मोठी येतील. ३००० पेक्षा मोठं एक जरी माप आलं तरी तो संच टाकून द्या. आणि ९ मिलिसेकंदांचा झोत मुळातच सापडला नाही तर रिमोट दुसऱ्या पद्धतीचा आहे. फिलिप्सच्या आरसी-५ मध्ये, उदाहरणार्थ, प्रत्येक बिटला ठरावीक १.७८ मिलिसेकंद मिळतात आणि त्याच्या मध्यावर सिग्नल चढतो की उतरतो यावरून ० किंवा १ ठरतं. तिथे हाय मुदत मोजून भागत नाही. प्रत्येक कड कोणत्या क्षणी आली ते नोंदवून ठेवावं लागतं, आणि त्यासाठी पल्सइन सोडून इंटरप्ट आणि मायक्रोजकडे वळायचं.